आईचा पंप फायबरने सुटेल का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे ३४ वर्षांचे, पुण्यात आयटीत नोकरीला. आई ६१ वर्षांच्या, सोलापूर जिल्ह्यात गावी मोठ्या भावाकडे राहतात. तीन वर्षांपूर्वी नळीत फुंकायची तपासणी (स्पायरोमेट्री) झाली, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार, निघाला, तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळचा एक पंप आणि दम लागला तरच घ्यायचा दुसरा, असे दोन पंप, म्हणजे तोंडाने ओढायचे इनहेलर, चालू होते. आईंनी आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. चार महिन्यांपूर्वी ह्यांनी एक व्हिडिओ पाहिला, त्यात सांगितलं होतं की फायबर, म्हणजे खाण्यातला चोथा, फुप्फुसातला कफ आतड्यातून ओढून बाहेर काढतं आणि पंप हळूहळू सुटतो. मग ह्यांनी पुण्याहून ओट्स, चिया सीड्स, इसबगोल असं सगळं पाठवलं, सकाळी कच्ची मोड आलेली मटकी वाटीभर, नाश्त्याला ओट्स, रात्री इसबगोल, आणि चार भाकरींच्या जागी दिवसाला एकच भाकरी. रोजचा पंप दिवसाआड केला, मग फक्त 'वाटलं तर'. आता आईंचं पोट सारखं गच्च असतं, वजन चार किलो उतरलंय आणि गेल्या आठवड्यात रात्री दोन वाजता दम लागून उठून बसावं लागलं. भाऊ फोनवर चिडला, म्हणाला तुझे प्रयोग बंद कर. ह्यांचं म्हणणं, फायबरवर खरंच संशोधन झालंय, मी काही जादूटोणा सांगत नाहीये. पत्रात शेवटी एक ओळ सहज लिहिलीय, की आई अजूनही चुलीवर अशी भाकरी करते की वास रस्त्यापर्यंत येतो, गॅस घरात आहे पण तो चहापुरता. प्रश्न दोन: फायबर चालू ठेवू की बंद करू, आणि पंप जन्मभर घ्यावा लागणार का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर देते, पण आधी एक फोन करा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आईंना आणि भावाला आजच सांगा की रोजचा पंप डॉक्टरांनी लिहून दिला तसाच, दोन्ही वेळ, आत्तापासून परत सुरू करायचा. रात्री झोपेतून उठून बसायला लागणं ही साधी गोष्ट नाही, तेव्हा ह्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून आणा आणि पंप मधे बंद होता हे तिथे स्पष्ट सांगा, ओरडा बसेल म्हणून लपवू नका, नाहीतर त्यांना वाटेल औषध पुरत नाहीये आणि ते उगाच वाढवतील. आणि भावाला हेही सांगून ठेवा की आईंना एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, त्या गुंगीत असल्यासारख्या किंवा असंबद्ध बोलायला लागल्या, किंवा दम लागल्यावरचा पंप घेऊनही उतार पडत नसेल, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

झाला फोन? आता बोलू.

मी आहारतज्ज्ञ आहे, छातीची डॉक्टर नाही, त्यामुळे औषध कुठलं आणि किती हे मी सांगणार नाही. पण पंप सुटायला हवा, हे तुम्ही सगळ्या पत्रात धरूनच चाललाय. का सुटायला हवा? मला येणाऱ्या दर दहा पत्रांत दोन-तीन तरी अशी असतात, की पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की गेलाच. चष्म्याबद्दल असं कुणी म्हणत नाही. सीओपीडीत श्वासनळ्या आतून सुजून अरुंद होतात आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटत जातात, त्या पिशव्या परत उगवत नाहीत, ना पंपाने ना फायबरने. रोजचा पंप नळ्या उघड्या ठेवतो आणि मधेमधे जे जोराचे अटॅक येतात ते कमी करतो. हे अटॅक टाळणं फार महत्त्वाचं, कारण मोठ्या अटॅकनंतर फुप्फुस बरेचदा आधीच्या पातळीला येतच नाही, एक पायरी खालीच राहतं. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि ते थेट छातीत जातं, गोळीसारखं अंगभर फिरून नाही, म्हणून त्याची एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही. त्यात स्टिरॉइड असेल तर घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचं, एवढं पथ्य मात्र पाळायचं.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, बहुतेक करून जन्मभर. पंप घेऊन आई रानात चालत जाऊन येऊ शकत असतील तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

आता फायबरकडे येते, आणि इथे तुमची बाजूही घेते, कारण तुम्ही म्हणता ते अगदीच हवेतलं नाही. फायबर आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यापर्यंत तसंच पोचतं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात, आपल्या इडलीच्या पिठासारखंच म्हणा ना, त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान आम्लं तयार होतात आणि त्यातली काही रक्तात उतरतात. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या संशोधकांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं की भरपूर फायबर खाणाऱ्या उंदरांच्या रक्तात ही आम्लं वाढतात, त्याने हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींची घडण बदलते आणि अ‍ॅलर्जीने फुप्फुसात येणारी सूज कमी होते. आतडं आणि फुप्फुस ह्यांचं असं नातं आहे, हे खरंच सुंदर काम आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण हे नातं रक्तातून आहे, कफाच्या वाटेने नाही! फुप्फुसातला कफ आतड्यातून ओढून घ्यायला दोघांमधे नळीच नाही. छातीतला बेडका खोकून वर येतो, आपण थुंकतो किंवा गिळतो, एवढीच त्याची वाट. त्या व्हिडिओने खऱ्या गोष्टीला खोटी शेपटी जोडलीय आणि तुमच्यासारखा शिकलेला माणूस नेमका त्यातच अडकतो, कारण अर्धं तपासलं की खरंच निघतं.

माणसांवरचंही सांगते. अमेरिकेच्या २००९-१० च्या आरोग्य पाहणीतल्या चाळिशीपुढच्या साधारण १,९०० लोकांची माहिती तपासली, तेव्हा रोज साडेसतरा ग्रॅमच्या वर फायबर खाणाऱ्यांत ६८ टक्के लोकांची फुप्फुसं नॉर्मल चालत होती आणि पावणेअकरा ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांत ५० टक्के. स्वीडनमध्ये पंचेचाळीस हजार पुरुषांच्या माहितीतही जास्त फायबर खाणाऱ्यांना सीओपीडी कमी झालेला दिसला. आता ह्यात दोन गोष्टी नीट बघा. एक, जास्त फायबर खाणारी माणसं सहसा सिगारेटही कमी ओढतात, चालतात जास्त, हा हिशेब संशोधक वजा करतात खरा पण पुरता वजा होत नाही. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची, हे सगळं आजार होण्याच्या शक्यतेबद्दल आहे, झालेला आजार बरा होण्याबद्दल नाही. ऑस्ट्रेलियात दम्याच्या थोड्या पेशंटना सात दिवस रोज १२ ग्रॅम इन्युलिन, म्हणजे कांदा-लसणात असतं तसलं फायबर, देऊन पाहिलं, २०१९ मध्ये ते छापून आलं, लोकांना बरं वाटलं आणि नळ्यांची सूजही थोडी उतरली. पण तो दमा, आणि सात दिवस, आणि मूठभर माणसं. तुमच्या आईंचा सीओपीडी आहे. आपल्याकडे दोन्हीला दमाच म्हणतात आणि तिथूनच निम्मा घोळ सुरू होतो.

मग प्रश्न उरतो की तुमच्या आईंना फायबर कमी पडत होतं का? मी कागद घेऊन बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या धान्य-भाज्यांची मोजमापं २०१७ मध्ये काढलीयत, त्यात १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर आहे. गावाकडची मध्यम भाकरी म्हणजे ६०-७० ग्रॅम पीठ, म्हणजे भाकरीमागे सहा-सात ग्रॅम. तुमच्या आई आधी दिवसाला चार खायच्या, झाले की पंचवीस! वर वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आपल्याकडे दोन हजार कॅलरीला ३० ग्रॅमच्या आसपास फायबर असावं असं सांगतात, तुमच्या आई ते कसलंही पाकीट न फोडता खात होत्या. वर ज्या अमेरिकनांना मी 'जास्त खाणारे' म्हटलं ना, त्यांच्या साडेसतरा ग्रॅमच्या रेघेपुढे आईंच्या नुसत्या भाकऱ्याच जातात.

आणि आता? ओट्सची एक वाटी म्हणजे ४० ग्रॅम, त्यात चारेक ग्रॅम फायबर. तीन भाकऱ्यांचं वीसेक ग्रॅम काढून घेतलं आणि त्याच्या बदल्यात ओट्स, मटकी, चिया आणि इसबगोल दिलं. फायबरची बेरीज फार तर जिथल्या तिथे राहिली असेल, पण तीन भाकऱ्यांबरोबर साडेसहाशे-सातशे कॅलरी गेल्या आणि भाकरीबरोबर जी चटणी, जे तेल, जे वरण जायचं तेही गेलं. चार किलो वजन असं उतरलंय. तुम्हाला वाटलं असेल की वजन उतरलं म्हणजे बरंच झालं, श्वासाला हलकं. सीओपीडीत उलट असतं. ह्या माणसांना नुसता श्वास घ्यायलाच जास्त ताकद खर्चावी लागते आणि वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, त्यात श्वासाचे स्नायूही आले. बारीक होत जाणारा सीओपीडीचा पेशंट बघितला की डॉक्टरांना काळजी वाटते, मलाही वाटते, आणि तुमचं पत्र वाचून रात्रीच्या दमाइतकीच ह्या चार किलोंची वाटली.

पोट गच्च होण्याचंही तसंच. छाती आणि पोट ह्यांच्या मधे पडदा असतो, श्वास घेताना तो खाली सरकायला हवा, पोटात वायू भरलेला असला की त्याला खाली जायला जागाच नसते. चांगल्या माणसाला नुसतं अस्वस्थ वाटेल, सीओपीडीवाल्याला दम लागतो. सकाळी रिकाम्या पोटी वाटीभर कच्ची मटकी आणि रात्री इसबगोल, तेही अंगवळणी न पडता एकदम, म्हणजे वायूला आमंत्रणच. फायबर वाढवायचंच असेल तर आठवड्याला एखादी गोष्ट वाढवावी आणि पाणी बरोबरीने वाढवावं, हे सगळ्यांनाच लागू. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासासाठी पाणी मोजून दिलंय त्यांनी मात्र आधी विचारायचं.

इसबगोलचं एक खास सांगायला हवं कारण हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्याची बारीक भुकटी हवेत उडते आणि ती नाकातोंडात जाऊन अ‍ॅलर्जी होऊ शकते, रोज इसबगोल हाताळणाऱ्या औषध कारखान्यातल्या कामगारांना आणि नर्सेसना त्याने दमा झाल्याची नोंद आहे. तेव्हा छातीचा त्रास असणाऱ्या माणसाने पुडा तोंडाशी धरून झटकायचा नाही, डबा उघडून चमच्याने अलगद पाण्यात सोडायचं, भरपूर पाण्यातच घ्यायचं, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोनेक तास लांब. पण आईंना त्याची गरज आहे का हा आधीचा प्रश्न. पोट साफ होत नसेल तर गरज आहे, कारण शौचाला जोर लावताना सीओपीडीवाल्यांची फार दमछाक होते, आणि काही पंपांनी तोंड कोरडं पडतं नि मलावरोधही होतो. अशा माणसाला फायबरचा सरळ, रोजच्या रोज दिसणारा फायदा हाच, पोट सहज साफ होणं. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या शेवटच्या ओळीकडे येते.

माझी आत्या अशीच चुलीवर भाकरी करायची. काठवटीत पीठ मळून घ्यायची, हाताच्या तळव्याने फिरवत फिरवत थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायची, एक बाजू झाली की उलटायची आणि मग तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी करायची, फुगली की चुलीबाहेर काढून टोपल्यात. हे सगळं आपल्या डोळ्यांपुढे येतं ना? पण मला आता दुसरंच आठवतं. तुराट्या पेटायच्या नाहीत, पावसाळ्यात गोवऱ्या दमट असायच्या, मग ती वाकून गाल जवळजवळ जमिनीला टेकवून फुंकणीने फुंकायची, आणि जाळ धरायच्या आधी जो एक दाट पिवळट धुराचा लोट यायचा तो सरळ तिच्या तोंडावर. फुंकून झालं की श्वास घ्यायचा असतो, आणि तो ती तिथेच घ्यायची, त्या लोटातच. दिवसातून दोनदा, आणि चाळीस वर्षं. तिच्या खोकल्याला सगळे वयाचा खोकला म्हणायचे, तिला नळीत फुंकून बघा असं कुणी कधी सांगितलंच नाही. तुमच्या आईंची तपासणी झाली, आजाराला नाव मिळालं, हे किती मोठं आहे ते मला माहीत आहे.

तुम्ही लिहिलंय, 'आईने कधी सिगारेट ओढली नाही तरी तिला हे कसं झालं कळत नाही.' असं झालं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स ह्यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की जगाचा विचार केला तर सीओपीडीचं सगळ्यात मोठं कारण सिगारेट नसून लाकूड-शेणीचा धूर असू शकेल. तुमच्या आई रोज ताटात फुप्फुसाला चांगलं असं जे वाढून घेतात ते करण्यासाठी फुप्फुसाला वाईट असं श्वासातून आत घेतात. आणि तुम्ही नेमकी भाकरी कमी केलीत, चूल तशीच ठेवलीत. हे दोष द्यायला म्हणत नाही, मुलांना आईची चूल दिसते ती मायेतून दिसते, धूर त्यात दिसतच नाही, मलाही नाही दिसला.

तेव्हा पहिला प्रश्न बदलून घ्या. फायबर चालू की बंद ह्यापेक्षा, भाकरी गॅसवर कशी जाईल हे विचारा. आई म्हणतील गॅसवरच्या भाकरीला चव नाही, आणि ते खोटं नाही हो, निखाऱ्याची चव निखाऱ्याचीच. पण जड लोखंडी तवा घेतला, मोठ्या बर्नरवर चांगला तापवला आणि शेवटी भाकरी जाळीवर फुगवली तर बऱ्यापैकी जवळ जाते. खरं कारण बहुतेक वेळा चव नसतंच. २०१६ मध्ये उज्ज्वला आली, घरोघरी शेगडी पोचली, पण सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात आणि तुराट्या रानात फुकट आहेत. आई गॅस चहापुरता वापरतात कारण तो संपेल ह्याचा त्यांना घोर आहे. तुम्ही चिया सीड्स, ओट्स आणि इसबगोलवर महिन्याला किती खर्च करत होतात ते बघा, तेवढ्यात सिलिंडरचा बराचसा भाग निघेल. भावाला सांगा की दर महिन्याचं सिलिंडर माझ्याकडून. हे फोनवर उपकार केल्यासारखं सांगू नका, आणि शक्यतो वहिनींसमोर सांगा, कारण चुलीजवळ त्याही असतात, त्यांची पोरंही तिथेच अभ्यासाला बसत असतील, धूर काही फक्त आईंच्याच छातीत जात नाही.

चूल एकदम सुटणार नाही, हेही धरून चाला. आंघोळीचं पाणी चुलीवर तापत असेल तर आधी ते बंद होतंय का बघा, ते काम सगळ्यात जास्त वेळ चालतं आणि त्यात चवीचा प्रश्नच नाही. सणावाराला, हुरड्याला चूल पेटलीच तर ती बाहेर अंगणात, सरपण वाळलेलं, आणि फुंकायचं काम आईंनी करायचं नाही, त्यांनी लांब बसून पीठ मळावं. घरात मिशेरी भाजली जाते का, हेही लाज न बाळगता विचारा, तो तंबाखूचाच धूर आहे. संध्याकाळी डासांची कॉइल दाराखिडक्या लावून लावत असाल तर तीही बंद करा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं होतं. मच्छरदाणी बांधा, स्वस्त पडते.

खाण्याचं आता सोपं झालं. चार भाकऱ्या परत द्या, फक्त दोन वेळेला दोन-दोन न देता दिवसात चार-पाच वेळा थोडं थोडं खायला सांगा, पोट तुडुंब झालं नाही की पडदा मोकळा राहतो. जेवायच्या आधी जरा टेकून विश्रांती घ्यावी, दमलेलं असताना जेवू नये, जेवल्या जेवल्या आडवं होऊ नये. मटकी कच्ची नको, शिजवून उसळ करा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, फोडणीत हिंग-ओवा घाला, आणि वाटी भरून नको, अर्धीच. हुलग्याचं माडगं त्यांना आवडत असेल तर उत्तम. पालेभाजी जी रानात मिळते ती, शेपू, चाकवत, अंबाडी, मेथी. पेरू मिळाला तर रोज अर्धा, १०० ग्रॅम पेरूत साडेआठ ग्रॅम फायबर असतं, किवी-बिवीच्या मागे लागायची गरज नाही. आणि गेलेलं वजन परत यायला चटण्यांसारखं दुसरं काही नाही, शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, त्यात फायबर आहे आणि तेलही आहे, भाकरीवर एक चमचाभर तेल घालून खाल्ली की थोड्या खाण्यात जास्त ताकद जाते. वरण घट्ट ठेवा, अंडं चालत असेल तर रोज एक. दूध-दह्याने आणि केळ्याने कफ वाढतो म्हणून ते बंद करायला कुणी सांगेल, तुमच्या भावानेच कदाचित सांगितलं असेल. दुधाने छातीत कफ जास्त तयार होतो असं तपासण्यांत दिसलेलं नाही, ते प्यायल्यावर घशात थोडा वेळ चिकट वाटतं एवढंच. आईंना सोसत असेल तर दूध-दही ठेवा, त्यांना त्यातलं प्रोटीन हवंय. ओट्स उरले असतील तर ते तुम्हीच खा, मी खरंच सांगते, पुण्यात दुपारी कँटीनचा भात आणि रात्री मागवलेलं खाऊन तुमच्या पोटात आईंच्या निम्मंही फायबर जात नसेल.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं. घरात लहान मुलाला किंवा तरुण माणसाला दमा असेल, सीओपीडी नव्हे, तरी गोष्ट तीच, उसळी, भाज्या, फळं, भाकरी जरूर वाढवा, त्याने नुकसान काही नाही आणि फायदा असू शकतो, पण स्टिरॉइडचा पंप त्यासाठी बंद करू नका. दम्यात पंप सोडला की फसायला होतं, कारण सूज हळूहळू परत येते, पहिले काही आठवडे माणूस मस्त असतो, आणि त्या मस्त आठवड्यांचं श्रेय मग ज्या कशाला सुरुवात केली असेल त्याला मिळतं. पंप कमी होऊ शकतो, बऱ्याच दमेकऱ्यांचा होतोही, पण ते डॉक्टर तपासून, पायरीपायरीने करतात. आणि ज्यांच्या रिपोर्टवर नुसतं 'दमा' लिहिलंय, फुंकायची तपासणी कधी झालेलीच नाही, त्यांनी ती करून घ्या, विशेषतः चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांची. सीओपीडी असेल तर दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस ह्याबद्दलही विचारून घ्या.

भावाचं राहिलं. तो चिडला कारण रात्री दोन वाजता आईंच्या पाठीवरून हात फिरवत तो एकटा बसला होता आणि तुम्ही लांब होतात. त्याला आधी एवढंच म्हणा की पंप कमी करायला लावला ते माझं चुकलं. संशोधनाचं खरंखोटं त्याच्याशी नंतर बोला, किंवा नाही बोललात तरी चालेल. आणि आईंना विचारा. तुमच्या सगळ्या पत्रात आईंना काय वाटतं ह्याची एकही ओळ नाही, त्यांनी ओट्स चार महिने मुकाट्याने खाल्ले ते लेकाने पाठवले म्हणून, त्यांना ते आवडले असतील असं मला तरी वाटत नाही.

पुढच्या सुट्टीला गावी जाल तेव्हा त्यांना पंप तुमच्यासमोर घ्यायला सांगा, शिकवू नका, नुसतं बघा. खूप जण हलवतच नाहीत, किंवा दाबतात आधी आणि ओढतात नंतर, औषध सगळं जिभेवर बसतं आणि मग म्हणतात ह्याचा काही उपयोग नाही. तसं दिसलं तर डॉक्टरांना स्पेसर लिहून द्यायला सांगा, ती प्लॅस्टिकची नळी लावली की वेळ साधायची कटकट राहत नाही. बऱ्याच पंपांवर एक बारीक खिडकी असते आणि तिच्यात उरलेल्या डोसचा आकडा दिसतो, कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र असेल तर पाकिटातल्या उरलेल्या कॅप्सूल मोजा. तो आकडा तारखेसकट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून या, आणि रविवारी फोन केलात की जेवलीस का विचाराल तसंच, आज आकडा किती झाला, तेही विचारत जा.